कारभाऱ्यांच्या मुठीतील अक्षतांची हकीकत

गणरायास वंदन, कुलदैवतास वंदन, आणि ज्याचे भय वाटते त्यासही दुरून वंदन करून लिहितो ऐसे की, शके सोळाशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, माघ मास, ते दिवशी राजधानीत जे वर्तले ते सांगताना आजही अंगावर काटा येतो.

राज्याचे कारभारी रायाजीबावा. त्यांचा जन्म वेशीबाहेरचा. तीर्थरूप वेशीत शिरताना "दूर व्हा जी, सावली येते!" ऐशी हाक देत, न दिली तर फटके खात. ते बावांनी काळजात जपिले, आणि कारभार हाती येताच ती हाक बंद केली, आणि पाणवठा सर्वांस एक केला, आणि वेस अष्टौप्रहर उघडी ठेविली, आणि मग दवंडी पिटविली की लग्नास दोघे राजी असता तिसऱ्याने आड येऊ नये. कारभाऱ्यांनी अक्षता टाकिल्या की त्या जोडप्यास जो हात लावील त्याचे हात तोडिले जातील. मग जातीबाहेरची लग्ने बहुत जाहली, आणि रयत बावांस मायबाप म्हणो लागली.

ते दिवशी सदरेवर हैबती भालदार आला. हाही वेशीबाहेरचाच, पाणवठ्याच्या दंग्यात बावांवर आलेला धोंडा याने आपले कपाळी घेतला होता. संगती मानकू रंगारी, हात कोपरापर्यंत लाल. हैबती बोलिला, "बावा, आम्ही दोघं राजी आहोत. ह्याचे भाऊ काठ्या घेऊन वेशीबाहेर बसलेत. दिवस मावळला की सोडायचे नाहीत. अक्षता टाका, म्हणजे जगू."

सदर आधी हसली, मग हसणे राहिले. बावांनी सवयीने तबकातून मूठ भरली होती, ती तशीच राहिली. म्हणाले, "दोघे म्हणजे एक बाप्या आणि एक बाई, हे काय दवंडीत सांगायला हवं होतं?"

मानकू भीत भीत बोलिला, "दवंडीत दोघे म्हटलंय जी. मोजून घ्या, दोघंच आहोत."

बावांचे कुटुंब भागीरथीबाई, थोर कुळातल्या, पडद्याआडून बोलिल्या, "माझेही भाऊ काठ्या घेऊन आले होते. थोरल्या महाराजांनी अक्षता टाकल्या म्हणून तुम्ही वाचलात. टाका."

"मी भ्यालोय, बाई," बावा बोलिले, आणि खरेच भ्याले होते, कपाळी घाम होता. "वैरी टपून आहेत. म्हणतील, पाण्यापासून सुरू केलं ते हे करायलाच. उद्या वेस बंद करतील, आमच्या लेकरांच्या तोंडी पुन्हा ती हाक येईल. आमचं दुःख जन्माचं. ह्यांचं ते तसलं काही नाही. दोन्ही एका पंगतीत बसवू नका."

हैबती पाय धरावयास वाकला, दर दसऱ्यास वाकत असे तैसाच. आणि बावांनी उपरणे आवरून घेतले, न जाणो शिवेल म्हणून.

सर्वांनी पाहिले. हैबती उठला, "येतो, बावा" म्हणाला, आणि मानकूचा हात धरून निघाला. मावळतीचे ऊन वेशीच्या माथ्यावर गेले होते. मग वेशीपाशी पोचता हैबतीने गळा काढून हाक दिली, "दूर व्हा जी, सावली येते!"

ती हाक बावांनी बाप मेल्यापासून ऐकिली नव्हती. ऐकताच उठले आणि अनवाणी धावले, आणि ओरडत गेले, "थांबा रे, टाकतो!" वेशीबाहेर कोणी नव्हते. काठ्यांनी खरडलेली धूळ होती, आणि तीत हैबतीचे मुंडासे होते. मग बावांनी अक्षता त्या मुंडाशावर टाकिल्या.

दोघांचा ठाव पुढे लागला नाही. वैऱ्यांस बोलावयास जागा मिळाली नाही, राज्य राखिले गेले, आणि वेस आजतागायत उघडी आहे. बावा मात्र मरेतो तिच्यातून गेले नाहीत. इतकेच घडले, तितकेच लिहिले.