नसीमाचं वाक्य कुणी उचललं नाही

आमच्या कॉलेजात बोललेलं वाक्य खाली पडतं. जितका अर्थ, तितकं वजन. साधं वाक्य बोलणाऱ्याच्या पायापाशी पडतं. शिवी मात्र ज्याला घातली त्याच्या डोक्यावर.

मागच्या वर्षी एकजण वर्गमित्राला जातीवरून बोलला आणि त्या मित्राच्या खांद्याचं हाड मोडलं. मग सुरक्षा समिती बसली. सगळे साठीला टेकलेले. त्यांनी बोलणाऱ्याला समज देऊन सोडला आणि बाकी सगळ्यांना दोन किलोच्या वर बोलायला बंदी केली. त्याच आठवड्यात मी शिक्षण सोडलं आणि शेवंतामावशीच्या हाताखाली वाक्यं उचलायला लागलो. मावशी कॉलेजात शिपाई. आधी वीस वर्षं मोंढ्यात पोती वाहिलेली. कुठलं ओझं कुठे कोसळेल, हे समितीपेक्षा तिला जास्त कळतं.

नसीमा तांबोळीला गॅदरिंगला बोलायचं होतं. हॉस्टेलच्या गिझरचा शॉक बसून तिच्या रूममेटचा हात जळाला होता. रजिस्टरात लिहिलं होतं, ‘पाय घसरला.’

प्राचार्य देऊळगावकर म्हणाले, “हे काही क्विंटलभर भरेल. स्टेज मोडेल. तुझ्याच काळजीपोटी सांगतोय, बेटा.”

“मग स्टेज तपासून घ्या की सर,” मावशी म्हणाली.

समितीने तपासलं. सर स्वतः मूल्यशिक्षणावर पाऊण तास बोलले. गुडघाभर चुरमुरे साचल्यासारखा ढीग झाला, मी तो खराट्याने लोटला. स्टेजला तडासुद्धा गेला नाही. ‘कोणतंही भाषण पेलण्यास सक्षम,’ असा कागद झाला, त्यावर सरांनीच सही केली. आता नाही म्हणायचं तर सरांना आपलंच भाषण हलकं होतं असं लिहून द्यावं लागलं असतं.

मावशीने नसीमाच्या भाषणाचा कागद वाचून घेतला. “शेवटचा शब्द काढ.”

“खरा आहे तो, मावशी.”

“असंल खरा. पण सराच्या टकलावर पडंल. मग लोक टक्कल बघतील. पोरीचा हात कोण बघंल?”

नसीमाने तो शब्द खोडला. मी खोडला नसता. म्हणून तर मी मावशीच्या हाताखाली आहे.

गॅदरिंगच्या दिवशी मावशीने पुढच्या दोन रांगा मागे घेतल्या. स्टेजवर बसलेल्या सरांनाही “खुर्ची जरा तिकडं” म्हणाली. सर हलले नाहीत. स्टेज सक्षम असल्याचा कागद त्यांच्या खिशात होता.

नसीमा म्हणाली, “गिझरची वायर उघडी आहे, हे मी तीनदा लिहून दिलं होतं.”

स्टेज दुभंगलं. सर खुर्चीसकट हळूच जमिनीवर आले, खुर्चीतच. कुणाला खरचटलंही नाही.

तिसऱ्या दिवशी वायर बदलली, रजिस्टर दुरुस्त झालं. वाक्य उचलायला क्रेन आली, तिचा पट्टा तुटला. म्हणून ते तिथेच आहे. सर वळसा घालून जातात.

परवा ती रूममेट आली. पट्टी सुटली होती. तिने जळका हात त्या वाक्यावर ठेवला.

“गार आहे,” ती म्हणाली.

“सावलीत आहे ना,” मावशी म्हणाली आणि झाडत पुढे गेली.