जाधवकाकांचा पांढरा प्लेअर

आमचे जाधवकाका रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला गेले तरी आधी विचारतात, "मूळ कार्डावरचं पुसलं जाणार नाही ना?" झेरॉक्सवाला हसतो. मी नाही हसत. बुवापाड्याच्या वस्तीत आमच्या दोन घरांची भिंत एकच, काका काळजी करायला लागले की इकडे माझीही झोप उडते.

काकांच्या ह्या भीतीला कारण एक पांढरा प्लेअर, गाणी ऐकायचा, साबणाच्या वडीएवढा. काकांची पोरगी प्रज्ञा नोकरीला लागली तेव्हा तिने हौसेने हप्त्यावर घेतलेला. मग तिने आपल्या मनाने लग्न केलं न् बदलापूरला गेली. काकांनी बोलणं टाकलं. प्लेअर घरीच राहिला. पुढे तिचा कॉम्प्युटरही जळाला, म्हणजे तिची गाणी आता फक्त त्या वडीत.

काका आनंदनगरला रंगाच्या कंपनीत. ड्युटीला जाताना प्लेअर डब्यात, चपात्यांच्या वरच्या खणात. "ऐकता काय हो?" विचारलं की उखडतात. "ह्याला गाणी म्हणतात? पत्र्यावर दगड पडतायत नुसते!"

एका रविवारी म्हणाले, "तू कॅम्प तीनला असतोस ना? चल, गाणी बाहेर काढून आणू."

कॅम्प तीनला कॉम्प्युटरची दुकानं पुष्कळ, पण मी तिथल्या कारखान्यात जीन्सवर लेबलं शिवतो. काकांच्या हिशोबाने मी कॉम्प्युटरवालाच झालो. मीपण नाही म्हटलं नाही. चौथीनंतर शाळेने मला परत बोलावलं नव्हतं, इथे कुणीतरी हुशार समजून बोलावत होतं.

तिथल्या हिरोभाई सिंध्याने कॅसेटचं दुकान मोडून कॉम्प्युटर टाकलेले. त्याने वायर जोडली न् दुसरं गिऱ्हाईक बघायला गेला. स्क्रीनवर इंग्रजी पाटी आली.

"वाच रे," काका म्हणाले.

इंग्रजी मी दिवसभर शिवतो, पण वाचता येत नाही. तरी ऐटीत माऊस धरला. "काही नाही काका, विचारतोय, सुरू करू का? 'येस' दाबतो."

"रुको साईं!" हिरोभाई काउंटरवरून उडी मारूनच आला. "ये पूछता है, प्लेअर का सब मिटा दूँ क्या!"

काका स्टुलावर मटकन बसले. मी माऊस सोडून मागे सरकलो.

"ह्याला लेबलंच शिवू दे," काका म्हणाले. मला नाही, पंख्याला.

हिरोभाईने पाटी घालवली. "कंपनी का सॉफ्टवेअर गाना डालता है, वापस नहीं देता. अपने पास दूसरा है, फुकटवाला. वो सिर्फ निकालता है. पण जल्दी करना पडेगा, लाईट जाने का टाइम हुआ."

त्याने ते चालू केलं. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायला लागली. मध्येच थांबायची, की काकांचा श्वास थांबायचा, न् त्यांचा थांबला म्हणून माझाही. पंखा जरा हळू फिरला तरी आम्ही दोघं वर बघायचो.

उतरली सगळी. सीडीपण झाली. मी सुटलो एकदाचा. म्हटलं, "चला काका, आता प्लेअर रिकामा करून तुमची भीमगीतं भरू!"

काकांनी सीडी शर्टाच्या आत घातली. प्लेअर माझ्या हातात दिला.

"बदलापूरला जा. तिला देऊन ये."

"न् काय सांगू?"

काका दुकानाची पायरी उतरले.

"सांग, कानातल्या वायरी नवीन घे. ह्याची डावी बाजू वाजत नाही."