दहा जासुदांच्या वहाणांचा निवाडा

श्रीगजानन बुद्धि देवो, शारदा शब्द देवो, आणि लिहिणाराचा हात सत्यावरून न ढळो. शके १६४२, शार्वरी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं एका राज्यांत येसाजी नामें चर्मकार होता, त्यानें जासुदांकरितां नव्या घडणीच्या वहाणा शिवल्या आणि महाराजांस अर्ज केला कीं, या घालून धांवल्यास खलिते लवकर पोंचतील. तेव्हां दिवाण अच्युतपंत, जे संशयासच शहाणपण मानीत, बोलिले, "बोल खोटा ठरला तर बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर जावें." येसाजीनें मान्य केलें, आणि घरीं बायको तीन दिवस त्याशीं बोलली नाहीं. मग दहा जासूद निवडिले, दोन कोसांची धांव ठरली, आणि प्रत्येक जण एकदां जुन्या व एकदां नव्या वहाणा घालून धांवला. सवयीचा लाभ कोण्या एकीस न मिळावा म्हणोन निम्म्यांनीं आधीं जुन्या घातल्या, निम्म्यांनीं आधीं नव्या. देवडीवर गोदाक्का घटिकापात्र राखीत असे, तिनें पळें मोजिलीं. आणि दरबारचा रिवाज ऐसा कीं, आंकडे चढत्या क्रमानें, नांवांवांचून, शोभिवंत लिहावे. कारकुनांनीं तैशाच दोन यादी केल्या. जुन्या वहाणांची सरासरी चौऱ्याहत्तर पळें निघाली, नव्यांची बाहत्तर.

दिवाण हांसले आणि बोलिले, "एक जासूद साठ पळांत येतो, दुसरा नव्वदांत. तेथें दोन पळांचें काय कौतुक? हें काकतालीय, निव्वळ योग." आणि येसाजीस राज्य सोडण्यास आठ दिवसांची मुदत दिली. येसाजी भरदरबारीं रडला. लिहिणारास तें पाहवलें नाहीं.

मग गोदाक्का पुढें आली आणि म्हणाली, "महाराज, मंदाची धांव चपळाशीं कशास ताडावी? ज्याची त्याशींच ताडावी. पाय तेच, वहाणा तेवढ्या निराळ्या. देवडीच्या भिंतीवर म्यां कोळशानें नांवनिशीवार मांडलें आहे."

महाराज स्वतां देवडीवर गेले. पाहतां, नव्या वहाणांनीं नऊ जण दोन-तीन पळें आधीं आले होते, एक सुभानजी मात्र दोन पळें उशिरां. मग गोदाक्कानें दहांचे फरक काढिले, त्यांची सरासरी दोन पळें. ते फरक आपसांत सुमारें दीड पळानें मागेंपुढें. तें दीड दहांच्या वर्गमुळानें भागिलें, तों निव्वळ योगानें सरासरी जेवढी हालावी तें माप अर्ध्या पळाहून किंचित् उणें आलें, आणि दोन पळें त्याच्या चौपटीहून अधिक भरलीं.

"अर्थ काय?" दिवाणांनीं विचारिलें.

"वहाणांत गुण नसतां एवढा फरक पडणें, हजारदां धांवविलें तर दोनेक वेळां घडेल."

"म्हणजे अशक्य नव्हे."

"नव्हे, पंत. पण त्या दोन वेळांच्या भरंवशावर कोणाचें घर उठवावें कीं काय, तें आपणच सांगावें."

तें ऐकतांच महाराजांनीं हुकूम फिरविला आणि येसाजीस विचारिलें, "बक्षीस काय घेतोस?"

येसाजी म्हणाला, "मायबाप, बक्षीस राहूं द्या. सुभानजीस बोलवा. त्याच्या पायाचें माप माझ्याकडून चुकलें असेल, तें आधीं पाहूं द्या."

एवंच, येसाजीचें बिऱ्हाड राहिलें, आणि दरबारीं आंकड्यापुढें नांव लिहूं लागले. घडलें तैसें लिहिलें. उणें दिसेल तें वाचणारांनीं पोटांत घालावें.