आईसाठी घेतलेली सात आसनी

माणसाच्या कुटुंबावरील प्रेमाला माप नसतं, असं पूर्वीचे लोक म्हणत. त्या काळी मोजमापाची साधनं तोकडी होती, हे लक्षात घेऊन त्यांना माफ करायला हवं. आता हे माप ठरलेलं आहे. लांबी पावणेपाच मीटर, रुंदी दोनला थोडी कमी, आसनं सात, आणि पोटाखालची मोकळी जागा इतकी, की तिथे एखादं कुत्रं सहकुटुंब संसार करू शकेल. याहून कमी मापाचं प्रेम करणारी माणसंही समाजात आढळतात. ती लहान गाड्या चालवतात आणि सिग्नलला मान वर करून बघतात.

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांनी अर्धं आयुष्य असंच मान वर करून काढलं होतं. हुद्दा बरा, माणूस सरळ. दुकानांतले तराजू तपासायचे, कापडवाल्याची मीटरपट्टी खऱ्या मीटरशी लावून बघायची, पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप भरून घ्यायचं, आणि सगळं ठीक असेल तर शिक्का मारायचा. हे काम केल्याने त्यांचा स्वभावही तसाच झाला होता. खिशात टेप कायम. सोफा घेताना त्यांनी जिना मोजला होता आणि मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाची सांगितलेली उंची दाराच्या चौकटीवरून मनातल्या मनात पडताळली होती. (दोन इंच कमी भरली. स्थळ परत.)

घरात माणसं चार : निरीक्षक, त्यांची बायको, कॉलेजातली मुलगी आणि आई. चार माणसांना सात आसनं कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी मोठी गाडी घेतलेली नसते. उरलेल्या तीन आसनांवर प्रतिष्ठा बसते. तिला ऐसपैस लागतं.

मेहुण्याने मागच्या वर्षी अशीच गाडी घेतली होती, हा योगायोग समजावा. मोठी गाडी कुणी मेहुण्यामुळे घेत नाही. एका पाहणीनुसार (पाहणी निरीक्षकांनीच ऑफिसच्या कँटीनमध्ये केली) शंभरातले पंचेचाळीस लोक ती मुलांसाठी घेतात, तीस आईवडिलांसाठी, चोवीस सुरक्षिततेसाठी. राहिलेला एक जण म्हणाला, ‘मला शेजाऱ्यांचा जळफळाट करवायचा होता.’ त्याचं उत्तर तांत्रिक कारणामुळे बाद धरण्यात आलं.

निरीक्षकांची गाडी आईसाठी होती. आईचे गुडघे गेलेले होते आणि तिची थोरली बहीण, सगळे जिला आक्का म्हणत, ती दोन तासांच्या वाटेवरच्या गावात मुला-सुनेकडे राहत होती. गुडघे जेमतेम चालत होते तोवर आई वर्षातून तीन-चारदा बसने जाऊन आक्काकडे राहून यायची. गेल्या काही महिन्यांत मात्र आक्का विसरू लागली होती. आधी चष्मा विसरायची, मग जेवण झालेलं विसरायची, आता माणसं विसरत होती. सुनेला ती एकदा ‘तुम्ही कुणाकडे आलात?’ असं आदराने विचारून बसली होती.

“अरे, मी तिला ओळखू येते तोवर मला एकदा तिच्याकडे ने,” आई निरीक्षकांना म्हणाली. मागणी एवढीच होती.

चांगल्या प्रशासनाचं लक्षण हे, की लहान मागणीतून मोठी योजना निघते. कुणी प्यायला पाणी मागितलं तर पेला भरून देणं ही गावंढळ पद्धत झाली. निरीक्षकांनी त्याच आठवड्यात दिवाणखान्यात बैठक बोलावली. बायकोने रंगाचा विषय मांडला, मुलीने छताला उघडणारी खिडकी हवी असं सुचवलं, निरीक्षकांनी इंजिनाच्या ताकदीवर सविस्तर निवेदन केलं. आई आत भाजी निवडत होती. तिला बोलावलं नाही यात तिचा अनादर मुळीच नव्हता. आई या योजनेची लाभार्थी होती आणि लाभार्थ्याला विचारायची पद्धत कुठल्याच खात्यात नाही.

मग मोजमापं झाली. निरीक्षकांनी इमारतीचं फाटक मोजलं, पार्किंगची जागा मोजली, खांबाखांबांमधलं अंतर मोजलं, ऑफिसच्या आवारातलं वळण मोजलं. साहेबांच्या गाडीशेजारी उभी केल्यावर आपली गाडी किती उंच दिसेल, तेही मोजलं. (चार बोटं. साहेब मनाने मोठे असतील असं गृहीत धरण्यात आलं.) इतकं चोख काम खात्यात गेल्या कित्येक वर्षांत कुणी केलं नव्हतं. मोजायचं राहिलं ते फक्त आईचा पाय किती वर उचलला जातो ते.

हे शोरूममध्ये कळलं. गाडीवरची लाल मखमल ओढून झाली, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून फोटो झाला, कर्मचाऱ्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग निरीक्षक प्रेमाने म्हणाले, “आई, चढ.” आईने पाय उचलला. पाय वर गेला आणि पायरीच्या बऱ्याच खाली थांबला. आईने गाडीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि तो पुन्हा जमिनीवर ठेवला.

“रस्त्यावर कमांडिंग पोझिशन मिळते सर,” विक्रेता म्हणाला.

“ती मिळेल हो, पण मी आत कशी पोचू?” आई म्हणाली.

विक्रेत्याने विचारपूर्वक मान हलवली आणि बाजूला लावायच्या जादा पायऱ्यांचं माहितीपत्रक दिलं. पायऱ्या मागवल्या. त्या येईपर्यंत स्वयंपाकघरातलं स्टूल वापरायचं ठरलं. पद्धत अशी : मुलीने स्टूल धरायचं, बायकोने आतून ओढायचं, निरीक्षकांनी मागून रेटायचं. आईने काय करायचं याबद्दल सूचना नव्हत्या, तिने ‘आई गं’ म्हणायचं ते आपोआप म्हटलं जाई. पहिल्यांदा ती अशी आत पोचली तेव्हा इमारतीतली चार माणसं गॅलरीत आली होती. आईने पदर सारखा केला आणि सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघायचं टाळत बसली.

गाडी आल्यावर घराला एक शिस्त आली. शिस्तीचे नियम निरीक्षकांनी तोंडीच जाहीर केले, पण आवाज परिपत्रकाचा होता. गाडीत खाऊ नये. गाडीत ओलं काही ठेवू नये, यात छत्री, टॉवेल आणि नुकतं न्हालेलं माणूस येतं. दार लावताना ते ‘लावावं’, आपटू नये. आसनांवरचं प्लास्टिक वर्षभर काढू नये. मागच्या रांगेत कुणी बसू नये, कारण मागची रांग वापरली की जुनी होते. शेवटचा नियम बायकोला कळला नाही. “मग ती आहे कशाला?” तिने विचारलं. निरीक्षकांनी तिच्याकडे, खोटं वजन वापरणाऱ्या वाण्याकडे बघावं तसं पाहिलं.

आक्काकडे जायचं तर होतंच. पण नवीन गाडी लगेच लांब नेत नाहीत, इंजिन आधी जुळू द्यावं लागतं. इंजिन जुळलं, तेव्हा पहिली सर्व्हिसिंग आली. ती झाली, तर मागच्या दारावर एक ओरखडा दिसला. ओरखडा केसाएवढा होता, पण निरीक्षकांना दोन दिवस जेवण गेलं नाही. (आईला त्याच सुमारास ताप येऊन गेला. तो आपोआप उतरला.) रंगावर संरक्षक लेप चढवायला गाडी आठवडाभर गेली. लेप वाळल्यावर कळलं, की आक्काच्या रस्त्याचं खोदकाम चालू आहे आणि खडी उडते. मेहुण्याला गाडी दाखवायला मात्र ते मधल्या मधे जाऊन आले, कारण तो रस्ता गुळगुळीत होता.

“मी आपली बसने जाते. बसची पायरी मला जमते,” आई एकदा म्हणाली.

निरीक्षकांना हे फार लागलं. “दारात गाडी असताना तू बसने जाणार? लोक काय म्हणतील? आणि घेतली कुणासाठी मी ती?”

आई भाजी निवडायला आत गेली. म्हणजे हिशेब असा झाला, की गाडी नव्हती तेव्हा आई बहिणीला भेटायची आणि तिला बहिणीची भेट घडवण्यासाठी गाडी आल्यापासून भेट बंद झाली. यात विसंगती दिसत असेल तर ती बघणाऱ्याच्या नजरेतली आहे. योजना तर शंभर टक्के अमलात आली होती.

मग आक्काच्या सुनेचा फोन आला. सकाळी आक्काने स्वतःच्या मुलाला नाव विचारलं होतं. “पण मावशींची आठवण काढतात हो अजून. ‘धाकटी आली का’ म्हणतात. या लवकर,” सून म्हणाली. आईने फोन ठेवला आणि साडी बदलायला गेली. ती कुणाला काही विचारायला थांबली नाही, त्यामुळे त्या रविवारी निघणं भाग पडलं.

प्रवास उत्तम झाला. गाडी खरोखर चांगली होती, हे लिहिलंच पाहिजे. खड्डा कळत नव्हता, बाहेरचा आवाज आत येत नव्हता, आणि आतला आवाज, म्हणजे आई आक्काच्या लहानपणीच्या काही गोष्टी सांगत होती तो, नवीन स्पीकरमुळे पुढे पोचत नव्हता.

घोडं अडलं ते गल्लीच्या तोंडाशी. निरीक्षकांनी जग मोजलं होतं, आक्काची गल्ली मोजली नव्हती. खाली उतरून त्यांनी टेप लावली. गल्ली गाडीहून वीतभर रुंद होती, पण आरसे धरले तर वीतभर अरुंद. आरसे मिटता येत होते, मात्र दोन्ही बाजूंना खरबरीत भिंती होत्या आणि लेप नवा होता. गाडी मुख्य रस्त्यावर सोडून जाणं अशक्य, तिथून ट्रक जात होते. आईने एवढी गल्ली चालणंही अशक्य.

“बाबा, आत रिक्षा जाते,” मुलगी म्हणाली. रिक्षावाला समोरच उभा होता. त्याने तर हँडलवर हातही ठेवला.

निरीक्षकांनी रिक्षाकडे पाहिलं. तिच्या सीटला चिकटपट्टी लावलेली होती. एवढी गाडी घेऊन यायचं आणि आक्काच्या दारात रिक्षातून उतरायचं, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि बघवेना. शिवाय आईला उतरवलं तर पुन्हा चढवायचं कसं, हाही प्रश्न होता. जादा पायऱ्या अजून आल्या नव्हत्या आणि स्टूल गाडीत ठेवलं तर आतल्या कापडाला पाय घासतात, म्हणून ते घरीच होतं.

“उतरव मला. मी भिंत धरून जाईन,” आई म्हणाली.

“तू आरामात बस गं. मी सोय करतो.”

सोय म्हणजे दुधाची तहान ताकावर. निरीक्षक स्वतः गल्लीतून चालत गेले. आक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. सुनेने दारातच त्यांच्या मागे पाहिलं आणि विचारलं, “मावशी कुठेयत?” निरीक्षकांनी फोन वर धरून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे गाडीत मुलीने फोन आजीसमोर धरला. चित्र स्वच्छ आलं : उंच पाठीचं आसन, त्यावरचं चकचकीत प्लास्टिक, वर उघडी छताची खिडकी आणि मधोमध आई.

“आक्का, मी आले गं,” आई म्हणाली. “बाहेरच आहे. रस्त्यावर.”

आक्काने फोन हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. बराच वेळ बघितलं. मग ती समाधानाने म्हणाली, “गाडी छान आहे.”

“घेतली नुकतीच,” निरीक्षक म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

“मोठी आहे.” आक्काने पडद्यावर बोट ठेवलं. “पण या आत बसलेल्या बाई कोण? मघापासून बोलतायत. त्यांना घरात तरी बोलवा, उन्हातान्हाच्या आल्यात. आणि आमची धाकटी आली की मला उठवा.” फोन सुनेकडे देऊन ती आडवी झाली.

परतीच्या वाटेवर स्पीकर बंद होते, तरी मागून ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. निरीक्षकांनी दोनदा आरशातून मागे पाहिलं आणि दोन्ही वेळा गाडी जरा हळू घेतली. घरी पोचल्यावर आईला उतरवलं, मग दारावर धुळीचा एक पट्टा दिसला तो पुसला. रात्री त्यांनी गाडीच्या कंपनीकडे अभिप्राय पाठवला : ‘कुटुंबासाठी उत्तम. आई खूश आहे.’ दोन्ही वाक्यांना पाच-पाच तारे दिले. बघता बघता कित्येक लोकांनी त्या अभिप्रायाला ‘उपयुक्त’ असं नोंदवलं. आक्का त्यानंतर कुणालाच ओळखेनाशी झाली, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

इथवर वाचून सुज्ञ वाचकाच्या मनाला यातना झाल्या असतील. निरीक्षकांबद्दल दोन कडक शब्दही ओठांवर आले असतील. ते खुशाल बोलावेत. मात्र त्याबरोबर आणखी एक प्रश्न मघापासून ओठांवर घोळतो आहे आणि विषय गंभीर असल्याने तो विचारायचा संकोच वाटतो आहे, हेही आम्हाला ठाऊक आहे. संकोच नको. आक्काचं कळल्यावर आईला भेटायला आलेल्यांपैकी प्रत्येकाने आधी तोच विचारला. लिटरला शहरात दहा, हायवेला तेरा. एसी लावून.