पोटातून बोला

हरेश घरतच्या हातात हात दिला की तो लवकर सुटत नाही. आधी तो 'नजर द्या' म्हणत तुमच्या डोळ्यांत रोखून बघतो आणि मग म्हणतो, "नाव सांगा. पोटातून."

मी त्याची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. चौथीपर्यंत मीच त्याला शिकवलंय. परवा कोळंबीच्या कालवणाची वाटी द्यायला गेले, तर एका हातात वाटी आणि दुसरा हात हरेशच्या तावडीत.

"अरे, तुला माझं नाव ठाऊक नाही होय?"

"मना ठाव हाय, बाई. पण तुमी ते सोताला कधी आयकवलंय?"

कालवण निवत होतं, म्हणून सांगितलं एकदाचं पोटातून. गल्लीतली कुत्री उठून बसली.

हाच मुलगा शाळेत भाषणाच्या दिवशी पोट दुखतं म्हणून हमखास घरी राहायचा. मोठेपणी उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर झाला. तिथे कुणा पाहुण्याचं व्याख्यान ऐकून तो असा काही पेटला, की मुंबईला जाऊन कोर्स केला आणि नोकरी सोडून नेतृत्व आणि जीवनकौशल्यांचा कोच झाला. तेव्हापासून भर उन्हात कोट घालतो. मागे शेअर रिक्षात बसल्या बसल्या त्यानं रिक्षावाल्याला विचारलं, "तुमचं व्हिजन काय?" तो म्हणाला, "करंजा बंदर. बसा, अजून दोन शीट पायजेत." 'प्रॉब्लेम' हा शब्द तर त्याच्या घरात बंदच आहे. त्याला 'संधी' म्हणायचं. नळ गेला की कुंपणावरून हाक येते, "बाई, आज संधी हाय. दोन हंडे पानी द्या."

घरात तो आणि त्याचे वडील नाना, दोघंच. नाना म्हणजे आमच्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेटचा आवाज. भात कापून शेतं सुकली की मॅचेस लागतात आणि माइक कायम नानांकडे. बॅट्समनच्या सासुरवाडीपासून अंपायरच्या पोटापर्यंत ते कुणाला सोडत नसत, आणि आवाज पार खाडीपर्यंत जायचा. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, सराव केला तर बोलतील. नाना सरावच करेनात. ज्यांच्या बोलण्यावर मैदान हसायचं, त्यांना अडखळायची लाज वाटत असणार.

रोज संध्याकाळी हरेश ओट्यावर त्यांच्यासमोर उकिडवा बसतो आणि म्हणतो, "नाना, नाव सांगा. पोटातून." नाना रस्त्याकडे बघत राहतात. एकदा तो मला म्हणाला, "गावाला बोलतं करीन, बाई. पन ह्यो एक मानूस बोलला ना, तं मी कोच."

मागच्या महिन्यात त्यानं समाजमंदिरात पहिलं मोठं शिबिर ठेवलं. नाक्यावर बॅनर लागला. त्यावर कोट, हाताची घडी आणि खाली 'चला, नेतृत्व घडवूया'. आता आमच्याकडे नाक्यावर माणसाचा हसरा फोटो लागतो तो वाढदिवसाला, नाहीतर निवडणुकीला. केक काही कुणी आणलेला दिसला नाही, तेव्हा हरेश सरपंचकीला उभा राहतोय हे गावानं ठरवून टाकलं. हॉल खच्चून भरला. म्हाताऱ्यांनी पहिली रांग धरली आणि हरेश काही बोलायच्या आत विचारलं, "चिन्ह कंचा?" मागून कुणीतरी गटाराचं काय ते आधी बोल म्हणालं.

हरेशनं हात जोडून समजावलं, की मी उभा राहत नाहीये, तुम्हालाच पुढारी करायला आलोय. पुढारी तर आमच्याकडे घरटी एक आहे. लोकांनी चहा घेतला आणि हॉल रिकामा झाला. उरले मी आणि नाना. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून खुर्चीत आणून बसवलं होतं.

मला वाटलं, आता तरी हा 'प्रॉब्लेम' म्हणेल. त्यानं कोटाचं बटण लावलं.

"दोघं तं दोघं. बाई, नजर द्या."

माझ्या शाळेतल्या या भित्र्या पोराचं मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं. मी माइक घेतला आणि रिकाम्या खुर्च्यांना माझं नाव सांगितलं. मग त्यानं माइक नानांच्या हातात दिला. "नाना, नाव..."

नानांनी नाव सांगितलं नाही. त्यांनी माइक उलटसुलट करून बघितला, बोटानं टकटक केली, फुंकर मारली.

"ह्यालो," ते म्हणाले. आवाज जड आणि फाटका. "ह्यालो... चेक."

सगळ्या गावाला नजर द्यायला सांगणारा हरेश माइकच्या वायरीकडे बघत राहिला.

नानांनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि एकेक शब्द ओढून काढत विचारलं, "आवाज... येतो... काय?"

हरेश त्यांच्या पायाशी उकिडवा बसला. त्यांचा हात धरला, तो सोडेना.

"येतो, नाना," तो म्हणाला. "पार खाडीपरयंत येतो."