बन्सीबप्पांचं घर विकणे आहे

घर विकायला काढलेला माणूस आलेल्या गिऱ्हाइकाला आधी काय दाखवतो? दाराचं सागवान दाखवतो, हवा कशी खेळते ते सांगतो, रस्ता किती जवळ आहे ते बोटानं दाखवतो. आमचे बन्सीबप्पा आधी विंचू निघतात ती फट दाखवतात.

"ही बगा. हितून निघतेत," असं म्हणून ते स्वतः खाली वाकतात आणि गिऱ्हाइकालाही वाकायला लावतात. त्या वेळी विंचू निघाला नाही तर त्यांना ओशाळल्यासारखं होतं. मग भरपाई म्हणून ते पावसाळ्यात गळणारा कोपरा दाखवतात, भिंतीतली चीर दाखवतात, चिरीत काडी घालून ती कुठवर जाते ते सिद्ध करतात आणि शेजाऱ्याच्या न्हाणीचं पाणी कुठून झिरपतं ते शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतात. गिऱ्हाईक चहा न घेताच जातं. बप्पा ओट्यावर उभे राहून त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत बघतात आणि मला म्हणतात, "लबाडी करून इकायचं न्हाई आपल्याला."

बन्सीधरराव ऊर्फ बप्पा हे माझे थोरले साडू. साडू म्हणजे आपल्यावर आलं तेच संकट ज्याच्यावर आपल्या आधी आलं असा माणूस, तेव्हा त्याच्याविषयी कणव वाटावी, असं म्हणतात. मला कधी वाटली नाही. बीडला आमची घरं एकाच गल्लीत. त्यांना सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही आणि माझ्याकडे जुनी का होईना, गाडी आहे. एवढ्या एका गुन्ह्यासाठी माझ्या बायकोनं मला त्यांच्या दिमतीला देऊन टाकलं. "दाजींचं ते नेकनूरच्या घराचं एकदाचं मिटवून टाका," असं ती दर रविवारी सकाळी म्हणायची, आणि बप्पा पिशवी घेऊन दारात उभेच असायचे.

घर म्हटल्यावर वाडा, चौक, झोपाळा असलं काही डोळ्यांपुढं आणू नका. बप्पांच्या वडिलांची नेकनूरला पिठाची गिरणी होती. ज्या वर्षी गिरणी बरी चालली त्या वर्षी त्यांनी एक खोली बांधली, आणि दर वेळी जो गवंडी हाताशी सापडला त्याच्याकडून बांधून घेतली. त्यामुळं त्या चार खोल्यांची एकमेकींशी ओळख नाही. पहिलीची जमीन वर, दुसरीची खाली. स्वयंपाकघरात दोन पायऱ्या उतरून जायचं, तिथून न्हाणीत पुन्हा एक चढायची. मधलं दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय जाता येत नाही, आणि वाकून आत गेलं की समोर मधोमध लाकडी खांब उभा. त्या खांबाला मी इतक्या वेळा धडकलो आहे की त्याच्यावर माझ्या कपाळाची खूण असायला हवी.

वडिलांच्या माघारी घराला वारस तिघं. थोरल्या गोदाक्का, त्या धारूरला दिलेल्या. मधले आमचे बप्पा. आणि धाकटा सुधाकर, तो पुण्याला नोकरीला. सुधाकरचं म्हणणं साधं होतं. एक तर घर नीट करून भाड्यानं देऊ, नाही तर विकू. पण ते पडू द्यायचं नाही. शहाणा माणूस यापेक्षा वेगळं काय सांगणार? बप्पांनी दोन्ही गोष्टींना होकार दिला आणि दोन्ही होऊ दिल्या नाहीत.

"इचार चालू हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "घाई कावून?" त्यांच्या सगळ्या नोकरीचा आणि संसाराचा गाडा या दोन चाकांवर चालला. सरकारी कचेरीत होते. तिथं त्यांच्या टेबलावर आलेला कागद पिवळा पडल्याशिवाय पुढं गेला नाही, असं त्यांच्याच बरोबरीचे लोक सांगतात. चपला घ्यायला गेले तर एका दुकानात डावी घालून बघतात, दुसऱ्या दुकानात उजवी, आणि जुनीच शिवून घेऊन येतात. मांजरसुंब्याला आम्ही धाब्यावर थांबायचो तेव्हा ते पोऱ्याला बोलावून एकेका भाजीची चौकशी करायचे, मसाला कसला, तेल कसलं, कालचं की आजचं. सगळं ऐकून झालं की पिशवीतली भाकरी काढायचे आणि फक्त कांदा मागायचे. पोऱ्या माझ्याकडे बघायचा. मी दुसरीकडे बघायचो.

विकणं जमेना तेव्हा मी दुरुस्तीचा आग्रह धरला. बीडचे रशीद मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांना घेऊन गेलो. त्यांनी घर पाहिलं आणि दोन मिनिटांत इलाज सांगितला. सगळ्या खोल्यांची जमीन एका पातळीत आणायची, मधलं दार उंच करायचं, खांब काढून वर लोखंडी तुळई टाकायची, न्हाणी आत घ्यायची.

बप्पा म्हणाले, "पायऱ्या ऱ्हाऊ द्या."

"बरं, ऱ्हाऊ द्या. खांब काढतो."

"खांब ऱ्हाऊ द्या."

"दार?"

"दाराला काय झालं?"

मिस्त्री माणूस सोशिक. त्यांनी विचारलं, की बप्पा, मग करायचं तरी काय? बप्पांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "रंग मारा. कोणताबी मारा, आपलं काई म्हणनं न्हाई." परतीच्या वाटेवर रशीद मिस्त्रींनी मला इतकंच विचारलं, "हे तुमचे सख्खे साडू का?" मी हो म्हणालो. त्यानंतर ते माझा फोन घेईनासे झाले.

मला खात्री पटली होती की हा माणूस नुसता आळशी नाही, कावेबाज आहे. घर तसंच कुजवायचं, भावाला कंटाळा आणायचा आणि शेवटी सगळं गिळायचं. बायकोला तसं म्हणालोही. ती म्हणाली, दाजी तसले नाहीत. मी म्हणालो, तसले नसलेली माणसंच तसली निघतात.

अशात एक गिऱ्हाईक असं आलं की त्याच्यापुढं बप्पांचा विंचू चालला नाही. नेकनूरातलाच खताचा दुकानदार, नाव बाळासाहेब. बप्पांनी फट दाखवली, चीर दाखवली, गळका कोपरा दाखवला. बाळासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बप्पा, घर कसंबी असू द्या. मी पाडनारच हाय. मला गोदाम बांधायचंय."

बप्पांच्या हातातली काडी तशीच राहिली. परतताना मांजरसुंबा आलं आणि गेलं, ते थांबू म्हणाले नाहीत. मला, खरं सांगायचं तर, उकळ्या फुटत होत्या. घरी आल्याबरोबर मी सुधाकरला फोन लावला. तो म्हणाला, जागा मोजून घ्या, मी पुढच्या रविवारी येतो आणि सौदा पक्का करतो. किल्ली बप्पांकडं असायची आणि मोजणीचं नाव काढलं की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं, म्हणून मी त्यांना सांगितलंच नाही. बाहेरून मोजू, असं ठरवून बुधवारी सकाळी मी परस्पर नेकनूरला गेलो आणि बाळासाहेबांना दुकानातून उचललं.

घराचं दार उघडं होतं.

वास्तविक बुधवारी बप्पा पेन्शनरांच्या बैठकीला जातात, असं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. इथं बघतो तर ते पहिल्या खोलीत भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मला पाहून ते दचकले, उठायला लागले, तेवढ्यात आतून हाक आली, "कोन आलंय रं बन्सी?"

"माजे साडू हायेत, आक्का. आन् खतवाले बाळासाहेब."

"मग पानी न्हाई का द्यायचं?"

गोदाक्कांना मी कुणाच्या लग्नात वगैरे पाहिलेलं. नजर अधू झाली आहे, एवढं कानावर होतं. त्या दोन्ही पायऱ्या झपझप चढून आल्या. हातात पाण्याचा तांब्या आणि दोन पेले. खांबाला वळसा घातला, ठेंगण्या दारात न थांबता वाकल्या आणि थेट आमच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. या बाईला या वयात इतकं चपळ चालता येतं याचंच मला नवल वाटलं. वाटेतून बाजूला व्हावं म्हणून मी खिडकीकडं सरकलो. आक्कांनी पेला पुढं केला. मी नमस्कार म्हणालो तेव्हा जिथं उभा होतो तिथं. रिकाम्या जागेपुढं त्या हसऱ्या तोंडानं पेला धरून उभ्या राहिल्या. "घ्या की पाव्हनं."

मी पुन्हा पहिल्या जागी जाऊन तो पेला घेतला. बाळासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि हातातला मोजपट्टा हळूच खिशात घातला.

आक्का आत गेल्या. त्यांच्यामागून माझं लक्ष स्वयंपाकघरात गेलं. तिथं कोनाड्यात नारळ मांडून ठेवलेले. एक-दोन नाही, रांगच.

बप्पा मला ओट्यावर घेऊन गेले. मी काही विचारायच्या आत तेच बोलायला लागले, खालच्या आवाजात, एकेक वाक्य तोडत. साखरेच्या आजारानं आक्काची नजर गेली ती पार गेली. धारूरला लेकाचं घर चांगलं आहे, नवं आहे, सूनही चांगली आहे. पण ते घर आक्कानं डोळ्यांनी कधी पाहिलंच नाही. तिथं त्या कोपऱ्यातल्या पलंगावर बसून असतात. उठल्या की सगळी ओरडतात, उठू नका, पडाल. "मोरीत जायचं तर कुनाचा तरी हात धरावा लागतो," बप्पा म्हणाले. "हितं मला च्या करून देती."

दर पंधरवड्याला ते पहाटेची गाडी धरून धारूरला जात. देवदर्शनाला नेतो, असं भाच्याला सांगून आक्कांना इथं आणत आणि दिवस मावळायच्या आत परत पोचवत. खरं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, लेक आईला सांभाळत नाही. बिचारी सून दर वेळी देवाला म्हणून पिशवीत नारळ घालायची.

"अहो, मग सुधाकरला तरी सांगायचं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. इतके रविवार मी या माणसाबरोबर काढले होते आणि आता तो मला हे सांगत होता.

"आक्कानं शपत घातलीय." बप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले. "आई गेली तवा त्यो रांगत हुता. हिनंच वाडवला. म्हनली, त्याला कळू देऊ नको, त्यो लई रडतो."

बाळासाहेब दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ते व्यवहाराला कडक, गावात त्यांच्याबद्दल फारसं कुणी बरं बोलत नाही. ते चपला घालत म्हणाले, "बप्पा, गोदामाला मला दुसरीकडं जागा मिळंल." आणि पायीच निघून गेले. दुकानापर्यंत सोडतो म्हणालो, तर हातानंच नको म्हणाले.

शपथ बप्पांना घातली होती, मला नाही. मी संध्याकाळी सुधाकरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, रविवारी आक्काला तिथंच आणून ठेवा.

रविवारी तो पुण्याहून आला. त्याच्या आधी बप्पा आणि मी धारूरला जाऊन आक्कांना घेऊन आलो होतो. या वेळी भाच्याला खरं सांगितलं. त्यानं आपणच आईची पिशवी गाडीत आणून ठेवली. सूनबाईनं नारळ घातला नाही, बाजरीचं पीठ घातलं.

सुधाकर आत आला तो सरळ आक्कांपुढं गुडघ्यांवर बसला. आक्कांनी अंदाजानं हात पुढं केला, तो त्याच्या डोक्यावर पडला. त्या चाचपत राहिल्या. कपाळापासून मागंपर्यंत हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"सुध्या, केस कुठं गेले रं?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचं जे व्हायचं होतं ते झालं. आक्का त्याच्या टकलावर थोपटत राहिल्या. मी खांबाला टेकून उभा होतो. गळका कोपरा तेवढा दुरुस्त करून घेऊ, बाकी कशालाही हात लावायचा नाही, असं सुधाकरच मध्येच म्हणाला.

बप्पा मात्र तिथं नव्हते. ते बाहेरच्या खोलीत गेले होते. घाईघाईत काढलेले सुधाकरचे बूट दारात, आक्कांच्या वाटेवरच, आडवेतिडवे पडले होते. बप्पांनी ते उचलले आणि भिंतीकडेला नीट लावून ठेवले. मग माझ्या चपला.