तीनदा फ्तू

पांडेलिसचं लग्न ठरलं आणि त्याच मिनिटाला त्याचा पुढचा दात गेला. पण असं काही घडलंच नाही, असं आपण तूर्तास धरून चालू.

महिन्यातून एकदा बोटीने अमोर्गोस या ग्रीक बेटावर येणाऱ्या दंतवैद्याने सकाळी त्याला तात्पुरता दात बसवला आणि बजावलं, "उद्यापर्यंत 'फ' आणि 'त' जपून." दुपारी पांडेलिस आर्गिरोला मागणी घालायला तिच्या घरी गेला. तिच्या आईने, स्तामाताबाईंनी, थोरल्या मुलीचं चार महिन्यांचं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

"कसाय आमचा नातू?"

बाळ सुंदर होतं. तिथेच घात झाला. सुंदर म्हटलं, की दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकल्यासारखं 'फ्तू' करणं आलं.

"बराय," पांडेलिस म्हणाला.

स्तामाताबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "बरा? बरं तर आमचं गाढवही आहे!"

आर्गिरोने त्याला चिमटा काढला. "अरे, नीट बोल ना!"

"सुंदर आहे!"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत थांबले.

"प्तू," तो नुसत्या ओठांनी पुटपुटला.

आर्गिरोचे मामा, निवृत्त मास्तर थेओफानिस, खुर्चीतून उठलेच. "वा! जुना उच्चार! पूर्वी माणसं खरंच थुंकायची. त्या आवाजाचाच शब्द झाला. 'फ' मागाहून आला."

"दादा, दृष्ट आजची आहे," स्तामाताबाई म्हणाल्या. "तिला जुनी भाषा कळत नाही. पोरा, दात ओठावर टेकव आणि 'फ्तू' म्हण. नाहीतर दार उघडंच आहे."

पांडेलिसने आर्गिरोकडे पाहिलं आणि डोळे मिटले. पहिल्या फ्तूला दात हलला. दुसऱ्याला आडवा झाला. तिसऱ्याला सुटला आणि बाळाच्या हनुवटीवरच्या लाळेत जाऊन चिकटला.

"अगं बाई, दात!" चष्मा न लावलेल्या स्तामाताबाई किंचाळल्या. "चौथ्या महिन्यात दात!"

"पण अगं, पडलासुद्धा," मामा म्हणाले.

"मग? आमचं पोर सगळ्यातच पुढे! पायगुण हो या मुलाचा. आर्गिरो, लग्नाची तारीख धर!"

पांडेलिस तोंड घट्ट मिटून हसला. मुलगा लाजाळू आहे, असं एकमताने ठरलं. दात धुऊन देवाच्या तसबिरीमागे गेला आणि दंतवैद्य दुपारच्या बोटीने.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत एक अर्ज दाखल झाला: 'महोदय, पुढील बोट येईपर्यंत बेटावरील एकाही बालकाने सुंदर दिसू नये, असा आदेश तातडीने काढण्यात यावा, ही नम्र विनंती.'